सरळ तरंगणारा पाणघोडा

मी अर्धा पाणघोडा बोलतोय. अर्धा म्हणजे डावा. उजवा माझ्या शेजारी पालथा पडलाय, पण कापताना तोंडाचा मोठा भाग माझ्या वाट्याला आला, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे.

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे उगाच तुमची निराशा नको. वीतभर लांबीचं, निळ्या प्लास्टिकचं, पोकळ पोटाचं जनावर शूर असणार तरी कशाच्या जोरावर? आत्ता मी ज्या फळीवर आहे तिथून चार पावलांवर ग्राइंडर आहे. ग्राइंडर म्हणजे जुन्या खेळण्यांचा चुरा करणारं मशीन. आज पुन्हा निळ्यांचा दिवस आहे. मशीन सुरू व्हायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात माझं सगळं सांगून घेतो.

माझा जन्म साच्यात झाला. गरम, मऊ प्लास्टिकची नळी साच्याच्या दोन लोखंडी अर्ध्यांमध्ये धरली आणि आत हवा फुंकली, की पाणघोडा तयार. साचा उघडला तेव्हा एकदम गार वारं लागलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलो. एका बाईने माझ्या पाठीवरची जास्तीची कड सुरीने काढली, मला उलटसुलट करून पाहिलं आणि खोक्यात टाकलं. मी पाण्यातलं खेळणं होतो, पण मला एकदा पाण्यात सोडून बघावं असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पुढचं सगळं रामायण त्या एका कानाडोळ्यातून घडलं.

मी गेलो पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या घरी. त्याची मुलगी चार वर्षांची होती. तिने मला छातीशी धरून थेट न्हाणीघरात नेलं आणि टबात सोडलं. माझं डोकं मोठं, पाठ जाड आणि पोट पातळ. मी लगेच एका कुशीवर आडवा झालो आणि तसाच पडून राहिलो.

मुलीने बराच वेळ वाट पाहिली. मग हाक मारली, "बाबा, हा मेला."

"मेला नाही गं. झोप आलीय त्याला."

"डोळे उघडे आहेत."

मेलेल्या पाणघोड्याबरोबर आंघोळ करणार नाही, असं मुलीने जाहीर केलं. तीन दिवस रोज रडारड झाली. चौथ्या दिवशी तिची आई नवऱ्याला म्हणाली, "एक तर त्याला बरा करा, नाहीतर फेकून द्या. माझे कान किटले." फेकून द्या हे शब्द ऐकले आणि माझं धाबं दणाणलं.

सुट्टीच्या दिवशी बाबांनी मला त्यांच्या कामाच्या टेबलावर घेतलं. धारदार पातं काढलं. मी म्हटलं, संपलो. पण त्यांनी माझ्या पोटाला तीन बाजूंनी बारीक छेद देऊन नखाएवढी झडप उघडली आणि डब्यातून एक जाडजूड नट काढला. आधी लोखंडी काढला होता, तो परत ठेवला. "पाण्यात गंजेल," असं स्वतःशीच म्हणाले आणि पितळी घेतला. नट आत खुळखुळू नये म्हणून त्यांनी दोन नळ्यांतला चिकट मसाला कालवला, जो वाळल्यावर दगडासारखा होतो. नट त्यात बसवून अंगठ्याने दाबला. झडप चिकटवताना मसाल्यात निळी शाई मिसळली, रंग जुळावा म्हणून. वाळल्यावर पॉलिश पेपरने इतकं घासलं की कुठे कापलं होतं ते त्यांनाही सापडेना.

असा हा माणूस. पंप असो की पाणघोडा, हाती घेतलेलं काम मन लावून करायचं. त्या दिवशी मला त्यांचं फार कौतुक वाटलं. तेच काम पुढे कुणाच्या तरी जिवावर उठेल, हे त्यांना कुठून कळणार आणि मलाही कुठून कळणार?

संध्याकाळी मला टबात सोडलं. मी सरळ उभा राहिलो. नाक वर, चारही पाय खाली. मुलीने मला आडवा केला, मी उठलो. पुन्हा ढकलला, पुन्हा उठलो. "जिवंत झाला," ती म्हणाली, आणि माझं नाव ढब्बू ठेवलं. त्यानंतर रोज तोच खेळ. "ढब्बू, पड," आणि "ढब्बू, ऊठ." बाकी मला काही येत नव्हतं, पण एवढं येत होतं, आणि एवढ्यावर दोन वर्षं सुखात गेली.

नंतर तिचा धाकटा भाऊ आला. त्याला तरंगण्यात रस नव्हता. त्याने माझा कान चावला, मला भिंतीवर आपटून पाहिलं आणि एकदा खिडकीतूनही टाकलं. बाबांचं काम इतकं पक्कं की पोटातला नट केसभर हलला नाही. मग तोही मोठा झाला, आणि मला इतर खेळण्यांबरोबर पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. माळ्यावरच्या वर्षांबद्दल फार सांगत नाही. अंधार, धूळ, आणि खाली कुणी शिडी लावली की छातीत धस्स. टाकायला आले की काढायला आले, ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

एक दिवस काढलंच. मुलगी आता कॉलेजात जात होती. एका दुकानाबाहेर पेटी ठेवली होती, जुन्या प्लास्टिक खेळण्यांची. त्यांची नवी खेळणी होणार होती. पेटीवर लिहिलं होतं, सेल आणि बॅटऱ्या काढून द्या. आई पोतं उलटं करत म्हणाली, "कशात सेल-बिल राहिले नाहीत ना, बघ."

मुलीने एकेक खेळणं कानाशी नेऊन हलवलं. मलाही हलवलं. आत काही वाजलं नाही. "रिकामा आहे," ती म्हणाली.

अगं, मी मनात ओरडलो, तुझ्यामुळेच तर पोटात नट आहे. पण चार वर्षांच्या वयात पाहिलेली गोष्ट कुणाला आठवते? तिने मला क्षणभर हातात धरलं, चावलेल्या कानावरून बोट फिरवलं, आणि पिशवीत टाकलं. पिशवी उचलून गाडीला अडकवली ती बाबांनीच. त्यांनी आत पाहिलं नाही.

अशा रीतीने मी इथे आलो. पत्र्याच्या छताचा हा मोठा कारखाना. एका बाजूला पाण्याची टाकी, मधोमध निवडण्याचं लांब टेबल, आणि शेवटी ग्राइंडर. मालकीणबाई पूर्वी नुसती खेळणी बनवून विकायच्या, आता विकलेली परतही घेतात. भिंतीवर त्यांनी खडूने एक मोठं वर्तुळ काढलंय. वर खेळणं, उजवीकडे मूल, खाली पेटी, मग टाकी, मग मशीन, आणि पुन्हा वर खेळणं. बघायला येणाऱ्यांना त्या सांगतात, "कचरा असं काही नसतंच. सगळं गोल फिरलं पाहिजे." फक्त वर्तुळ पुरतं झालेलं नाही. मशीन आणि नवं खेळणं यांच्यामध्ये भिंतीवर विजेचा स्विचबोर्ड आहे, तिथे खडू थांबलाय. मला पहिल्या दिवसापासून ती फटच दिसत होती. लोकांना वर्तुळ दिसायचं.

निवडण्याच्या टेबलावर एक बाई बसतात. त्यांना सगळे ताई म्हणतात, कारण मशीन चालवतो तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला सगळे डुलक्या म्हणतात. त्याची डावी पापणी कायम अर्धी मिटलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, पठ्ठ्या डुलक्या घेतोय. कामावर तो एकदाही पेंगलेला नाही, पण नाव पडलं ते पडलं.

ताईंनी मला हातात घेतलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मला वजनाला तोललं. "जड आहे. आत पाणी साचलं असेल," त्या म्हणाल्या. आंघोळीच्या खेळण्यांत पाणी साचतंच, आणि पाण्याने मशीनचं काही बिघडत नाही. मग त्यांनी दोरीला बांधलेलं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक माझ्या पोटावरून फिरवलं. स्क्रू, स्प्रिंग, लोखंडी दांडा असला की ते चटकन चिकटतं. पितळेला ते ओळखही दाखवत नाही. मग स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्या पाठीवर ठोकून त्यांनी कान लावला. पंधरा वर्षं ग्राइंडरच्या आवाजात काढल्यावर कान किती उरणार? आणि चांगले असते तरी खुळखुळायला आत काही मोकळं नव्हतं. शेवटी मला टाकीत फेकलं. तरंगेल ते एका टोपलीत, बुडेल ते दुसऱ्या. टाकी इतकी गच्च भरली होती की मी दोन झाकणांच्या मध्ये अडकलो. उभा आहे की आडवा, कोण बघतंय? झाऱ्याने उपसून मला निळ्यांच्या टोपलीत टाकलं.

बाबांची सगळी काळजी अशी माझ्या अंगाशी आली. गंजू नये म्हणून पितळ, वाजू नये म्हणून मसाला, दिसू नये म्हणून शाई.

तोपर्यंत मी फक्त स्वतःसाठी घाबरत होतो. टोपली ग्राइंडरजवळच होती. रोज कुठल्या ना कुठल्या रंगाची पाळी यायची. लाल बाहुल्या गेल्या, पिवळी फावडी गेली, हिरवे ट्रक गेले. आधी कडकड, मग घरघर, मग खाली गोणीत चुरा पडल्याचा आवाज. मी म्हणायचो, अजून निळे पुरेसे जमले नाहीत, अजून चार दिवस आहेत. शेजारचा निळा डबा रोज तेच म्हणायचा. आम्ही एकमेकांना धीर द्यायचो आणि दोघेही घाबरायचो.

मग एका दुपारी चहाच्या वेळी एक नवी कामवाली ताईंच्या शेजारी बसली होती. तिने सहज विचारलं, "दादांच्या डोळ्याला काय झालं हो?"

ताईंनी कप खाली ठेवला. "एक खेळण्यातली मोटार होती. आत पोलादी दांडा. माझ्या नजरेतून सुटली. ती आत गेली, पातं तुटलं आणि तुकडा उडाला याच्या तोंडावर. डॉक्टर म्हणाले, नखभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता."

"तुझ्या नजरेतून नाही सुटली," डुलक्या म्हणाला. "त्या दिवशी घाई होती."

"माझ्याच हातून गेली."

"बरं बाई, तुझ्या हातून. चहा पी, गार होतोय."

"तू आधी चष्मा डोळ्यांवर घाल. कपाळाला काही दिसत नाही."

संरक्षणाचा चष्मा त्याच्याकडे होता, पण घामाने काचा धुरकटायच्या, म्हणून तो कायम कपाळावर ढकललेला असायचा. तो हसला. चष्मा तिथेच राहिला.

त्या दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. माझ्या पोटात पोलादी दांड्यापेक्षा जाड धातू होता. मी आत गेलो की पातं तुटणार, आणि डुलक्या समोरच उभा असणार, चष्मा कपाळावर. माझं काय व्हायचं ते होवो, पण त्याचा तो थोडक्यात वाचलेला डोळा? आणि ताई? एकदा चुकल्याचं ओझं त्या इतकी वर्षं वाहतायत, दुसऱ्यांदा त्या उभ्या राहू शकल्या असत्या का? मला ओरडता येत नव्हतं, हलता येत नव्हतं. भीती एवढी आणि उपयोग शून्य.

निळ्यांचा दिवस उजाडला. टोपलीतली खेळणी मशीनमध्ये घालण्याआधी ताई एकदा साध्या पाण्यातून खळबळून काढतात, धूळ जावी म्हणून. डबा गेला, बादलीची मूठ गेली, रांगोळीसारखा बारीक चुरा गोणीत पडत राहिला. शेवटच्या खेपेला टबात आम्ही तिघेच उरलो. एक फावडं, एक झाकण आणि मी.

कितीतरी वर्षांनी मी मोकळ्या पाण्यात होतो. फावडं आडवं पडलं. झाकण पालथं झालं. मी नाक वर करून उभा राहिलो. ताईंनी ओला हात माझ्यावरून फिरवला, मी कुशीवर गेलो आणि परत उठलो. त्यांचं लक्ष नव्हतं. मी मनात म्हणत होतो, ताई, पुन्हा ढकला. मला एवढंच येतं. पुन्हा ढकला.

त्यांनी सहज बोटाने ढकललं. मी उठलो. त्यांच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं.

तेवढ्यात डुलक्याने तिघांनाही उचलून चाळणीत घेतलं. "खेळत बसलीस होय ताई? गाडी यायची वेळ झाली." आणि तो मशीनकडे निघाला. ताई रिकाम्या टबाकडे बघत राहिल्या.

फावडं गेलं. आवाज असा की पत्रा थरथरला. झाकण गेलं. मग त्याने मला पाठीला धरून उचललं आणि मशीनच्या तोंडावर नेलं. खालून गरम वारा येत होता. मी त्याचा चेहरा इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. चष्मा कपाळावर होता. मी आयुष्यात पुष्कळ घाबरलोय, पण तेवढा नाही.

आणि मशीनचा आवाज उतरत गेला. पाती गरगरत गरगरत थांबली. स्विचबोर्डपाशी ताई उभ्या होत्या, कोपरापर्यंत ओल्या, बटणावर हात तसाच दाबून धरलेला. त्यांनी भावाला हाक मारलीही असेल. त्या आवाजात ती कुणाला ऐकू जाणार?

"काय झालं?" डुलक्याने विचारलं.

"तो उभा राहिला."

"कोण?"

"तो पाणघोडा."

डुलक्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. "ताई, जरा बसतेस का? पाणी आणू?"

"इकडे आण त्याला." त्यांनी मला त्याच्या हातातून घेतलं आणि टबात सोडलं. आडवा केला. मी उठलो. उलटा केला. मी उठलो. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतक्या जिवाच्या आकांताने उठलो नव्हतो. "पोकळ खेळणं असं राहत नाही. त्या फावड्यासारखं आडवं पडतं. याला कुणीतरी उभं केलंय."

डुलक्याने मला टेबलाच्या पकडीत धरलं आणि करवतीने नाकापासून शेपटीपर्यंत कापलं. दुखलं का, असं विचाराल तर आठवत नाही. नट कुठेही उडणार नाही, एवढंच डोक्यात होतं. मी दोन भागांत उघडलो. उजव्या अर्ध्यात पितळी नट होता, नवा वाटावा असा चकचकीत, आणि त्याच्याभोवतीच्या घट्ट मसाल्यावर अंगठ्याचा ठसा. रेघन् रेघ दिसत होती.

दोघं बहीणभाऊ त्या ठशावर वाकले.

"कुणीतरी बाप असणार," ताई म्हणाल्या.

"काम चांगलं केलंय," डुलक्या म्हणाला.

"फार चांगलं केलंय. इतकं चांगलं करायला नको होतं." आणि त्या मटकन खाली बसल्या. डुलक्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने कपाळावरचा चष्मा ओढून डोळ्यांवर आणला. काचा लगेच धुरकटल्या. त्याने त्या पुसल्या आणि पुन्हा घातल्या.

मला लगेच चुऱ्यात घातलं नाही. नट छिन्नीने काढून पितळेच्या डब्यात गेला, मसालाही खरवडून निघाला. मला फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी साचा बनवणाऱ्या कारागिराला बोलावून माझे दोन्ही अर्धे त्याच्या हातात दिले. त्याने माझ्या पोटाची जाडी मोजली आणि म्हणाला, "पोट पातळ ठेवलंय, म्हणून आडवा पडतो. पोटाकडे त्याच प्लास्टिकचा जाड थर दिला तर आपसूक उभा राहील. आत काही घालायची गरजच नाही."

माझा साचा मालकीणबाईंचाच होता. त्या म्हणाल्या, "म्हणजे चूक त्या बापाची नाही. पहिल्याच दिवशी बादलीभर पाणी घेऊन बघायला हवं होतं." नवा साचा आता तयार होतोय. पेट्यांवर एक ओळही वाढलीय. घरी काही दुरुस्त केलं असेल, आत काही बसवलं असेल, तर चिठ्ठी लावा.

आता तुम्ही म्हणाल, मग घाबरतोस कशाला? नवा पाणघोडा होशील, सरळ उभा राहशील. खरं सांगू? मला माहीत नाही. ताई सांगतात, प्रत्येक फेरीत प्लास्टिकचं बळ थोडं कमी होतं, त्यात नवं मिसळावं लागतं. माझा चुरा किती जणांत वाटला जाईल, त्यातला कुठला मी असेन, मुलीचं ढब्बू म्हणणं कुणाला आठवेल, यातलं काहीच भिंतीवरच्या वर्तुळात काढलेलं नाही. खडू अजून स्विचबोर्डपाशीच थांबलाय. त्या फटीतून जायचंय, आणि मला भीती वाटते.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. आम्हाला बनवाल तेव्हा एकदा पाण्यात सोडून बघा, उघडता येईल असं बनवा. दुरुस्त कराल तेव्हा मन लावून करा, पण काय केलं ते लक्षात ठेवा. आणि निरोप देताना नुसतं कानाशी हलवू नका, आमच्या पोटात काय आहे ते पुढच्या माणसाला सांगा. आम्हाला सांगता येत नाही. पुढे कुणाचे तरी डोळे असतात.

ताईंनी आत्ताच आम्हा दोघा अर्ध्यांना शेवटचं पाण्यातून काढलं. मी आडवा पडलो, उठलो नाही. उठवणारं आता पोटात काही नाही. त्यांनी मला बोटाने एकदा ढकलून पाहिलं, मग चाळणीत ठेवलं.

बटण दाबल्याचा आवाज आला. डुलक्या चाळणी घ्यायला येतोय. चष्मा डोळ्यांवर आहे.